दोन लांबीची काडतुसं

प्रिय एमोंग,

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. पण सात वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि टोलितसकडे निरोप द्यावा तर तो तुझ्याआधी नेमबाजीच्या अख्ख्या रेंजला कळतो. तसा टोलितस माणूस चांगला, रेंजवरचा अधिकारी असूनही. परवान्याचे कागद गाडीत ठेवून दर महिन्याला तू भरलेल्या काडतुसांची हिरवी पेटी पास्सीहून इथे इलोइलोला आणून देतो, माझ्या रिकाम्या पुंगळ्या तुझ्याकडे परत नेतो. पेटी आली की मला कळतं, तू धडधाकट आहेस. पुंगळ्या पोचल्या की तुला कळतं, मी अजून नेमबाजी सोडलेली नाही. आपला संसार सध्या एवढाच. कोणी खोदून विचारलं तर मी सांगते, आपल्या देशात घटस्फोट मिळत नाही, म्हणून आम्ही काडतुसांवर भागवतो.

या वेळी विसाया बेटांच्या संघात महिलांची एकच जागा होती. हे तुझ्या कानावर आलं असणारच. गेल्या शनिवारची स्पर्धा म्हणजे शेवटची निवड, जिंकणारी ऑक्टोबरभर सेबूच्या शिबिराला जाणार. मी सत्तेचाळीस पूर्ण केली आहेत. पुढच्या निवडीपर्यंत माझे गुडघे त्या फळ्यांमागून धावायला तयार असतील का, हे मी त्यांना विचारलेलंही नाही, उत्तर माहीत आहे. म्हणून ही जागा मला हवी होती. बेकरी बहिणीच्या गळ्यात मारून रोज दुपारी रेंजवर जात होते. आणि नेमकं तेव्हाच पिस्तूल अडकायला लागलं.

रोज नाही, दर वेळी नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. चाळीस-पन्नास काडतुसं लोण्यासारखी जायची आणि मग मधेच एकाचं नाक खाली झुकायचं, नळीच्या तोंडाशी उतारावर आपटायचं, आणि पिस्तुलाची वरची स्लाइड अर्ध्यावर थांबायची. मी झटका देऊन ते बाहेर फेकायचे नि पुढे मारायचे, पण तेवढ्यात दोन-तीन सेकंद जायचे. आपल्या धावत नेम मारायच्या खेळात दोन-तीन सेकंद म्हणजे काय, ते तुला मी सांगायचं? सरळ दुसरा नंबर. रात्री कणीक मळतानासुद्धा माझा उजवा अंगठा स्लाइडच्या दिशेने उडायचा, बहीण म्हणायची, तुला आता वाताचं काहीतरी झालंय.

पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या आपल्या नोंग सेल्सोकडे पिस्तूल घेऊन गेले. म्हातारा अजून तसाच आहे, आधी शिव्या घालतो, मग चष्मा लावतो. म्हणाला, "फिना, तू यात पावाचा चुरा घालतेस का गं?" आधी त्याने माझ्या सगळ्या मॅगझिनवर खडूने आकडे टाकले. अडकणं एकाच मॅगझिनच्या मागे लागलंय का, ते बघायला. नाही, सगळ्यांत अडकत होतं. मग मॅगझिनच्या स्प्रिंगा बदलल्या. काडतूस धरणारे त्यांचे ओठ मोजून नीट वाकवले. स्लाइडमागची स्प्रिंग बदलली. पुंगळी ओढणारा आकडा काढून त्याचा ताण पाहिला, नळीचा उतार आरशासारखा घासला. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी रेंजवर जायचे, साठ-सत्तर गोळ्या खुशाल जायच्या, जिवात जीव यायचा, आणि एकाहत्तरावी अडकायची. स्पर्धा जवळ येत होती आणि माझी झोप उडाली होती. शेवटी टोलितस भीत भीत म्हणाला, "फिना, रागावू नकोस, पण काडतुसंच तर नसतील ना?" मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एमोंगच्या काडतुसांत खोट काढतोस? ज्याने आयुष्यात एक पुंगळी कमी घासली नाही, त्याच्या? टोलितस म्हणाला, "नवऱ्याबरोबर राहत नाहीस, पण त्याच्यावर बोलू पण देत नाहीस. मग आम्ही बोलायचं तरी कोणावर?"

पण ते डोक्यात राहिलं. मी दुकानातून कारखान्याची पाकिटबंद काडतुसं आणली आणि मारत सुटले. संपेपर्यंत एकही अडकलं नाही. खरं सांगू? मला आनंद व्हायला हवा होता, दोष सापडला होता. पण मी तिथेच बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. पिस्तुलात काही निघालं असतं तर मी ते आनंदाने सहन केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी बंद असताना पीठ लाटायच्या टेबलावर तुझी पेटी ओतली आणि कॅलिपर घेऊन एकेक काडतूस मोजायला बसले. मला वाटलं होतं, लांबी कमी-जास्त, वेडीवाकडी निघेल, तुझा हात थकला असेल. तसं नव्हतं. तुझा हात तसाच आहे, एमोंग. काडतुसांचे दोन ढीग झाले. बहुतेक सगळी माझ्या नेहमीच्या लांबीची, आणि थोडी त्याहून बरोब्बर मिलिमीटरभर आखूड. डोळ्यांना कळायचं नाही, पण माझ्या पिस्तुलाला कळायचं. मधलं एकही नाही. मी त्या दोन ढिगांकडे किती वेळ बघत बसले कोणास ठाऊक. निष्काळजीपणाने दोन ढीग होत नाहीत. प्रेसवरचा लांबी ठरवणारा डाय कोणीतरी मुद्दाम फिरवून खाली घेतो, दुसऱ्या लांबीचं काम करतो, आणि परत वर आणतो, तेव्हा दोन ढीग होतात. म्हणजे तुझ्या बाकावर दुसरं पिस्तूल होतं. आखूड तोंडाच्या नळीचं, माझ्यासारखं नाही. तू दुसऱ्या कोणासाठी तरी काडतुसं भरत होतास, आणि ती माझ्यात मिसळली होती.

तुला हसू येईल, पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाकीच्या बायकांना नवऱ्याच्या शर्टावर केस सापडतो, मला कॅलिपरवर मिलिमीटर सापडला. टोलितसला धरलं, "कोणासाठी भरतो तो?" तर याच्या तोंडाला कुलूप. "मी पेटी आणतो, पेटी नेतो. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस." म्हणजे बाईच होती. पुरुष असता तर टोलितसने तीनदा नाव सांगितलं असतं. मग मला ती रोक्सासची स्पर्धा आठवली, सात वर्षांपूर्वीची. मी शेवटच्या लोखंडी चकतीला चुकले आणि तू सगळ्यांदेखत ओरडलास, "तुझ्याच्याने नाही होणार हे, जा, पाव भाज!" लोक हसले. तूही हसलास. त्याच संध्याकाळी मी पिशवी उचलून बेकरीत राहायला गेले, आणि तू तोंडाने माफी मागायची सोडून पुढच्या महिन्यापासून काडतुसं पाठवायला लागलास. मी ती माफी म्हणून घेत राहिले. आता वाटलं, माफीही तू वाटून टाकलीस की काय.

तरी मी काडतुसं नीट निवडली, आखूड सगळी बाजूला काढली आणि शनिवारी तुझीच घेऊन स्पर्धेला गेले. दुसऱ्या कोणाची भरवशाची नव्हतीच. पहिल्या फेरीपासून पिस्तूल गाण्यासारखं चाललं. आणि माझ्याच गटात एक मुलगी, बावीस-तेवीसची, पास्सीच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत आहे म्हणे. जेझेल. पाय वाऱ्याचे, हात दगडाचे. तिची पेटी बाकावर ठेवलेली मी पाहिली. हिरवी, वर निळ्या नायलॉनच्या दोरीची गाठ. ती गाठ मी शंभरदा नखांनी सोडवलेली आहे. म्हणजे हीच ती. फलकावर आम्ही दोघीच वर होतो, बाकीच्या पार खाली.

चौथ्या फेरीत तिचं अडकलं. माझ्यासारखं नाही. काडतूस आत गेलं, पण स्लाइड पुरती मिटेना, केसभर उघडीच. तिने तळहाताने हाणली, ओढली, परत तेच. माझ्या लगेच लक्षात आलं. तिची आखूड काडतुसं माझ्याकडे आली होती, तर माझी लांब काडतुसं कुठे गेली असतील? तिच्या पेटीत. आखूड नळीत ती पुरती बसणारच नाहीत. ती फेरी तिने कशीबशी संपवली, पण रडवेली झाली होती. पुढच्या दोन फेऱ्यांत असं आणखी एकदा झालं असतं, तर जागा माझी होती. मला नुसतं शहाळ्यात स्ट्रॉ घालून सावलीत बसायचं होतं.

मग ती उठली. पिस्तुलाची बॅग घेतली आणि सुरक्षा कक्षाकडे तरातरा निघाली. मला कळलं ती काय करायला निघाली आहे, कारण घरी मीही तेच करते. नळी काढायची, एक काडतूस तिच्यात टाकायचं, टपकन बसतं का बघायचं. पण ते घरी. इथे त्या पांढऱ्या चुन्याच्या रेषेच्या आत पिस्तूल उघडता येतं, पण काडतुसाला हात लावायचा नाही, आणि बाहेर काडतुसं हवी तेवढी हाताळा, पण पिस्तूल बॅगेतून काढायचं नाही. त्या दोघांची गाठ फक्त नेमाच्या जागी, अधिकाऱ्यासमोर. चुकलं की स्पर्धेतून बाद, कारण विचारत नाहीत, वय विचारत नाहीत. तिची उजवी मूठ बंद होती. मुठीत पितळ चमकलं. कक्षापाशी टोलितस पाठ करून उभा होता, नुसता वळायचा अवकाश. रेषा पाच-सहा पावलांवर होती, आणि मी गप्प होते. एमोंग, त्या पाच-सहा पावलांत माझ्या मनात सेबू आलं, संघाचा निळा शर्ट आला, तू आलास, तुझ्या बाकाशी तुझ्या शेजारी बसलेली ही पोर आली. कोणी मला दोष दिला नसता. मी काही केलंच नसतं, नुसती बसले असते.

आणि मी ओरडले. इतक्या जोरात, की शहाळं मांडीवर सांडलं. "इन्दाय! ए पोरी, मुठीत काय आहे तुझ्या?" ती रेषेवर थबकली, मुठीकडे पाहिलं आणि पांढरी पडली. मग राग आला तिला. "तुम्हाला काय करायचंय, मानांग? माझं पिस्तूल, माझं नशीब." मी म्हटलं, "नशीब नंतर बघ, आधी इकडे ये. पेटी घेऊन ये. पिस्तूल बॅगेतच राहू दे." का ओरडले, हे मला आजही सांगता येणार नाही. चांगुलपणा वगैरे नव्हता. हसत हसत कोणाला तरी खड्ड्यात पडताना बघणारे लोक मी रोक्सासला पाहिले होते, मला त्यांच्यात बसायचं नव्हतं, एवढंच.

आम्ही ताडपत्रीखाली बसलो. मी कॅलिपरची फट तिच्या लांबीवर लावली आणि स्क्रू घट्ट केला. म्हटलं, "फटीतून जाईल ते तुझं. अडेल ते माझं." एकेक काडतूस दोघी फटीतून घालत होतो. अडलेली मी माझ्या पिशवीत टाकत होते. थोड्या वेळाने मला राहवेना. विचारलं, "एमोंग तुझा कोण?" पोरगी आधी बघतच राहिली, मग इतकी हसली की हातातलं काडतूस पडलं. "अहो मानांग, ते माझ्या बापापेक्षा मोठे आहेत! मी शेजारच्या गल्लीत राहते. मला भरता येत नाही, आणि त्यांच्याशिवाय गावात कोणाला येत नाही." मग म्हणाली, "आधी तुमची भरतात. डाय तुमच्या लांबीवर असतो ना, त्याला कोणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, ही माझ्या बायकोची लांबी आहे, तुझं काम झालं की मी परत इथेच आणणार." एमोंग, मी मान खाली घालून काडतुसं मोजत राहिले. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यावर ती थांबली असती तर मी ती स्पर्धा जिंकलेही असते. पण बोलक्या पोरी थांबतात कुठे. म्हणाली, "घोटाळा झाकणांमुळे झाला असेल. त्यांच्या बाकावर तुमच्या काडतुसांच्या डब्याला निळं झाकण, माझ्या डब्याला काळं. हल्ली मला सारखं विचारतात, इन्दाय, यातलं निळं कुठलं गं? मला वाटायचं, माझी गंमत करतात." मी विचारलं, "कॅलिपर कोण वाचतं?" "मीच वाचून दाखवते. म्हणतात, आकडे फार बारीक काढायला लागलेत हल्ली." तिला काही कळलं नव्हतं, पण मला कळलं. माझ्या आईने एकदा माझ्या निळ्या स्कर्टला काळ्या दोऱ्याने टाके घातले होते आणि मलाच म्हणाली होती, डोळे फुटले का तुझे, निळाच आहे. पुढे दोन महिन्यांत डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला नेताना तूच तिला बोटीवर हात धरून चढवलं होतंस.

शेवटच्या फेरीला मी उभी राहिले तेव्हा फलकावर मी पुढे होते, जेमतेम. टोलितस माझ्यामागे टायमर धरून उभा होता. "तयार?" तो म्हणाला, आणि मला तू दिसलास, दोन झाकणं उजेडाकडे धरून बघणारा. पिस्तूल एकदाही अडकलं नाही. अडकलं माझं मन. तिसऱ्या फळीमागून निघताना पाय घसरला नाही, काही नाही, नुसतं बोट घाईने दाबलं गेलं आणि माझी गोळी पांढऱ्या पुठ्ठ्याला लागली, ज्याला मारायचं नसतं. तेवढे गुण गेले. जेझेलचं पिस्तूल त्यानंतर फटाफट चाललं, तिच्या निवडलेल्या काडतुसांवर. निकाल लागल्यावर टोलितस जवळ येऊन हळूच म्हणाला, "तू गप्प बसली असतीस तर आज जागा तुझी होती." मी म्हटलं, "तू गप्प बस." पोरगी येऊन माझ्या गळ्यात पडली, घामाने चिंब. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि घरी येऊन पीठ असं मळलं की बहीण जवळ यायला घाबरली. राग अजून गेलेला नाही. जागा माझी होती, एमोंग. मला ती फार हवी होती.

आता मुद्द्याचं. हे पत्र मी जाड मार्करने एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, म्हणून इतके कागद लागले. तुला ते कोणाकडून वाचून घ्यावं लागू नये. उद्यापासून प्रेसला हात लावू नकोस, ना माझ्यासाठी, ना त्या पोरीसाठी. आज लांबीवर भागलं, उद्या पुंगळीत दारू दुप्पट पडली तर तुला दिसणार नाही आणि कोणाचे तरी हात जातील. इथे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तुझं नाव घातलंय, आधी उजवा डोळा, मग डावा. ते म्हणाले, ऑपरेशन सोपं, पण नंतर महिनाभर दिवसातून चार-चार वेळा डोळ्यांत थेंब घालावे लागतात, ते ज्याचे त्याला जमत नाही, घरात कोणी आहे का? मी संघात गेले असते तर ऑक्टोबरभर सेबूला असते आणि मला म्हणावं लागलं असतं, नाही, कोणी नाही. आता मोकळी आहे. मी डॉक्टरांना सांगितलं, आहे, बायको आहे. सोमवारी दुपारी टोलितसची गाडी घेऊन येते, कपडे भरून ठेव आणि वाद घालू नकोस.

कायद्याने तर आहेच, पण तेवढ्यापुरती नाही,
तुझीच
फिना